स्वतःचा मेल सर्व्हर: सही कोणाकडून करून घ्यायची?

आजचा विषय थोडा टेक्निकल आहे, पण स्वतःच्या डोमेनवरून मेल पाठवायचा असेल तर तो टाळता येत नाही.

सर्व्हर उभा केला, मेल गेला आणि समोरच्याच्या स्पॅममध्ये जाऊन पडला. त्यात नोकरीचा अर्ज असेल, क्लायंटचं बिल असेल. मेल परत येत नाही, त्यामुळे आपल्याला पत्ताच लागत नाही.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने नियम कडक केलेत. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्ही लागतात. आपल्यासारख्या छोट्यांना एसपीएफ किंवा डीकेआयएम, एक तरी हवंच. पण फक्त एसपीएफवर विसंबू नका. कुणी तुमचा मेल आपोआप दुसऱ्या पत्त्यावर वळवला, की पाठवणारा आयपी बदलतो आणि एसपीएफ फेल होतं. डीकेआयएमची सही मेलच्या आत असते. वाटेत मजकूर बदलला नाही तर ती टिकते.

आता ही सही करणार कोण? चार पर्याय बघू.

पहिला, ओपनडीकेआयएम. छोटा प्रोग्राम, पोस्टफिक्सला मिल्टर म्हणून जोडायचा. सही करणं आणि तपासणं, बाकी काही नाही. हलका आहे, ट्युटोरियल भरपूर. पण शेवटचं स्टेबल व्हर्जन, २.१०.३, हे २०१५ चं आहे, आणि त्यात एडी२५५१९ ही नवी की चालत नाही.

दुसरा, आरस्पॅमडी. हा मुळात स्पॅम फिल्टर, सही हे त्याचं एक मॉड्यूल. डेव्हलपमेंट चालू आहे, एआरसीसुद्धा मिळतं. पण सोबत रेडिस आलं, मेमरी जास्त लागते.

तिसरा, डीकेआयएमपाय-मिल्टर. पायथॉनमधला. आरएसए आणि एडी२५५१९ अशा दोन्ही सह्या एकाच मेलवर करतो.

आणि चौथा: तुम्ही एक्झिम वापरत असाल तर सही करायची सोय त्यातच आहे. वेगळं काही टाकूच नका.

मग निवडायचं कसं? येणारे मेलही तुमच्याच सर्व्हरवर येत असतील तर स्पॅम फिल्टर लागणारच. मग आरस्पॅमडी घ्या, एका दगडात दोन पक्षी. फक्त वेबसाइटचे फॉर्म आणि ओटीपी बाहेर पाठवायचे असतील तर एवढा पसारा कशाला? ओपनडीकेआयएम किंवा डीकेआयएमपाय पुरे.

की मात्र आरएसए २०४८ बिटचीच करा. एडी२५५१९ हवी तर जोडीला ठेवा, कारण सगळे ती तपासतातच असं नाही. आणि २०४८ ची पब्लिक की डीएनएसच्या एका स्ट्रिंगमध्ये मावत नाही, तिथे मर्यादा २५५ अक्षरांची. टीएक्सटी रेकॉर्डमध्ये तिचे दोन तुकडे करावे लागतात. "सगळं बरोबर केलं तरी फेल होतंय" असं वाटलं, तर आधी इथे बघा.

आता खरा प्रश्न: सही करणारा प्रोग्राम बंद पडला तर काय? पोस्टफिक्समध्ये 'मिल्टर डिफॉल्ट ॲक्शन' नावाचं सेटिंग आहे. डीफॉल्टला ते 'टेम्पफेल' असतं, म्हणजे मेल थांबतो आणि तुम्हाला एरर दिसते. पुष्कळ ट्युटोरियल ते 'ॲक्सेप्ट' करायला सांगतात. मग मेल सहीशिवाय निघून जातो, गुपचूप. माझं मत स्पष्ट आहे: थांबलेला मेल परवडतो, गुपचूप स्पॅममध्ये गेलेला नाही.

अजून एक. क्रॉन किंवा पीएचपीतून सेंडमेल कमांडने निघणारे मेल वेगळ्या दाराने जातात. त्यांच्यासाठी 'नॉन एसएमटीपीडी मिल्टर्स'ही भरा, नाहीतर माणसांच्या मेलवर सही आणि वेबसाइटचे मेल कोरे.

शेवटी, आजच करून बघा. स्वतःच्या सर्व्हरवरून जीमेलवर एक मेल टाका. ब्राउझरमध्ये उघडा, तीन टिंबांवर जाऊन 'शो ओरिजिनल' करा. डीकेआयएमसमोर 'पास' हवं, आणि त्याच्या शेजारी तुमचंच डोमेन हवं, होस्टिंगवाल्याचं नाही. दोन्ही असेल तर सही तुमची आहे. अडलात तर कमेंटमध्ये लिहा. भेटू पुढच्या भागात!