एका पिशवीतले तीन भाग

शिबिरात आपण दिलेली 350 किंवा 450 मिलिलिटरची रक्ताची पिशवी सहसा जशीच्या तशी कुणाला चढवत नाहीत. रक्तपेढीत ती यंत्रात वेगाने फिरवतात; जड तांबड्या पेशी तळाशी बसतात, वर पिवळसर प्लाझ्मा राहतो. तांबड्या पेशी पोषक द्रावणात, 2 ते 6 अंश सेल्सिअसला 42 दिवसांपर्यंत टिकतात. गोठवलेला प्लाझ्मा वर्षभर. प्लेटलेट्स मात्र फार नाजूक! त्यांना फ्रिज चालत नाही; 20 ते 24 अंशांत, सतत हलत्या तबकावर ठेवूनही जेमतेम 5 दिवस. डेंग्यूच्या दिवसांत नातेवाइकांची धावपळ होते, ती यामुळेही.

तांबड्या पेशींची एक पिशवी प्रौढ रुग्णाचं हिमोग्लोबिन साधारण 1 ग्रॅमने वाढवते. रक्तगट जुळवलेला असला तरी पहिली 15 मिनिटं थेंब सावकाश सोडतात, रुग्णावर नजर ठेवतात. थंडी वाजली, कंबर दुखली, दम लागला, तर लगेच सिस्टरना सांगा. संकोच अजिबात नको. पिशवी 4 तासांत संपायलाच हवी.

थॅलेसेमियाच्या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं, आणि मे महिन्यात कॉलेजं बंद असल्याने शिबिरं रोडावतात. वय 18 ते 65, वजन किमान 45 किलो आणि प्रकृती ठणठणीत असेल, तर सुट्टीतली एक सकाळ जवळच्या रक्तपेढीसाठी ठेवाच.