पंढरीचा प्रसाद आणि माझं शुभवर्तमान

माझं घर खडकीत आहे, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यापासून चालत पाच मिनिटांवर. दर वर्षी आषाढीच्या आधी तुकोबारायांची पालखी देहूहून निघते, आकुर्डीला मुक्काम करते आणि दुसऱ्या दिवशी दापोडीचा हॅरिस पूल ओलांडून बोपोडी-खडकीवरून पुण्यात शिरते. आमचं घर ख्रिस्ती. पण पालखीच्या दिवशी आई पाण्याचं पिंप भरून रस्त्याच्या कडेला ठेवायची आणि आम्ही भावंडं पेले विसळून द्यायचो. यात कुणाला काही वावगं वाटल्याचं मला आठवत नाही. ना आम्हाला, ना पाणी पिणाऱ्यांना.

पुढे मी इथल्याच दारूगोळा कारखान्यात फिटर म्हणून लागलो. १८६९ साली सुरू झालेला हा कारखाना. आमच्या खात्यात एक वारकरी होते. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. सगळे त्यांना बुवा म्हणत, मीही इथे बुवाच म्हणतो. मी रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवतो हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून ते मला पेटीमास्तर म्हणायचे. वारीहून परत आले की बुवा एका पिशवीतून चुरमुरे, साखरफुटाणे आणि बुक्क्याची पुडी आणत आणि आख्ख्या खात्याला प्रसाद वाटत. नुसता वाटत नसत. यवतला पिठलं-भाकरी कशी मिळाली, बेलवाडीच्या रिंगणात घोडा कसा धावला, पाऊस कुठे लागला, कळस दिसल्यावर डोळ्यांना धारा कशा लागल्या, हे सगळं डब्याच्या सुट्टीत साग्रसंगीत सांगत. दर वर्षी तेच, आणि दर वर्षी पहिल्यांदाच घडल्यासारखं.

२००३ सालच्या पावसाळ्यात प्रसाद माझ्या हातावर ठेवता ठेवता बुवा म्हणाले, "पेटीमास्तर, एवढी वर्षं पंढरीचा प्रसाद खातोस. तुझ्या देवाघरचं मला कधी काही दिलं नाहीस रे."

मी म्हटलं, "नाताळला करंज्या देतो की."

"करंज्या वहिनींनी केलेल्या. ते वहिनींचं झालं. तुझं काय?"

सगळे हसले, मीही हसलो. पण घरी येईपर्यंत ते वाक्य काही सुटलं नाही.

तीस वर्षं मी गप्प राहिलो होतो, आणि त्या गप्प राहण्याला मी सभ्यपणा समजत होतो. आपण थोडे लोक. तोंड उघडलं की समोरचा म्हणणार, आता हा बाटवायला आला. शिवाय खडकीचा इतिहास काही आमच्या बाजूने बोलणारा नाही. ५ नोव्हेंबर १८१७ ला इथे पेशव्यांचं आणि इंग्रजांचं युद्ध झालं, मग छावणी आली, छावणीमागून गोऱ्या पलटणीचं चर्च आलं. बँड, बूट आणि बायबल हे खडकीकरांनी एकाच रांगेत येताना पाहिलं. साहेब गेला तरी त्याचा धर्म म्हणून तो शिक्का राहिलाच. खरं तर मराठीत ख्रिस्तकथा त्याच्या दोनशे वर्षं आधी आलेली आहे. फादर स्टीफन्स यांचं ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' गोव्यात १६१६ साली छापलं गेलं. पण पुराणाचा दाखला देऊन शेजाऱ्याच्या मनातला शिक्का पुसता येत नाही.

आणि खरं कारण वेगळंच होतं, ते आज सांगून टाकतो. सांगण्यासारखं माझ्याकडे काही ताजं नव्हतं. बुवांकडे दर वर्षीची वारी होती. माझ्याकडे वडिलांकडून आलेला धर्म होता, इस्त्री करून कपाटात ठेवलेल्या कोटासारखा. रविवारी घालायचा, परत टांगायचा.

आमच्या मराठीत 'गॉस्पेल'ला फार नेमका शब्द आहे: शुभवर्तमान. वर्तमान म्हणजे बातमी. आपण वर्तमानपत्र म्हणतो ना, त्यातलंच वर्तमान. बातमीचा स्वभाव असा, की ती पोटात राहत नाही. घरात मुलगा झाला, मुलगी परीक्षेत पास झाली, तर आपण शेजारी जाऊन सांगतो. सांगायची आज्ञा झाली म्हणून कुणी सांगत नाही. आमच्या उपदेशांमध्ये मात्र नेहमी आज्ञेवर भर. प्रभूने शिष्यांना सांगितलं, सर्व राष्ट्रांत जा. तेव्हा जा. हे खरंच आहे, मी ते नाकारत नाही. पण नुसत्या आज्ञेने माणूस घराबाहेर पडला तर तो वसुलीला निघाल्यासारखा दिसतो, आणि लोक दार लावून घेतात. लावावंच.

माझ्या पणजोबांचं काय झालं होतं, ते मी वडिलांकडून ऐकलेलं. नगर जिल्ह्यातलं खेडं, गावकुसाबाहेरचं घर. दुष्काळात धान्यासाठी बाटले, असं आमच्या लोकांना आजवर हिणवलं जातं. धान्य मिळालं असेलही, उपाशी माणसाने ते का घेऊ नये? पण पणजोबा म्हातारपणी धान्याची गोष्ट सांगत नसत. कुणीतरी त्यांना आपल्या शेजारी सतरंजीवर बसवलं, त्यांच्या हातचं पाणी प्यालं आणि म्हणालं, देवाने तुला त्याच्या रूपात घडवलंय, ही गोष्ट सांगत. चाळिशीच्या माणसाला आपण माणूस असल्याची बातमी पहिल्यांदा मिळाली होती. चर्चमध्येही पुढे जातीने आपलं बस्तान बसवलं, लग्नं ठरवताना अजून बसवते, हे सांगायला मला लाज वाटते. पण ती बातमी खोटी नव्हती. ती माझ्यापर्यंत पोहोचली ती वारसा म्हणून, आणि वारसा झाल्यावर तिच्यातलं वर्तमान निघून गेलं.

त्या पावसाळ्यात मी पुन्हा वाचायला बसलो. पहिल्यांदा रेव्हरंड टिळक. नारायण वामन टिळक, 'फुलामुलांचे कवी' म्हणून शाळेत शिकलेले. १८९३ साली ते नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने चालले होते. डब्यात एक युरोपीय गृहस्थ भेटला. बोलणं कवितेवरून धर्मावर गेलं. उतरताना त्याने टिळकांना नवा करार दिला आणि म्हणाला, हे वाचा, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांनी ते पुस्तक वाचायचं कबूल केलं होतं म्हणून वाचायला घेतलं, आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो गृहस्थ कोण होता, हे टिळकांनाही कळलं नाही. त्यालाही आपल्या पुस्तकाचं पुढे काय झालं हे बहुधा कळलं नसावं. मला या माणसाचा हेवा वाटतो. हिशेब नाही, अहवाल नाही, डब्यातून उतरला आणि गेला.

आणि टिळकांनी स्वतः काय म्हणून ठेवलंय? तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचं. म्हणजे माझ्या घरासमोरून दर वर्षी जाते त्या पालखीच्याच वाटेने.

पण या आनंदाची किंमत कुणी मोजली, तेही पाहायला हवं. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली असतील त्यांना सांगायला नको. नवरा ख्रिस्ती झाल्याची बातमी त्या बाईसाठी शुभ नव्हती. संसार मोडला, लहानग्या दत्तूला घेऊन त्यांना पंढरपुरात राहावं लागलं. नवऱ्याचं शुभवर्तमान हा बायकोला आघात, असं किती घरांत झालं असेल! लक्ष्मीबाई पुढे ख्रिस्ती झाल्या त्या सुमारे पाच वर्षांनी, नवऱ्याने सांगितलं म्हणून नव्हे. जातपात माणसाने केली की देवाने, या प्रश्नाचा स्वतःच्या डोक्याने निकाल लावून. टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' त्यांनीच पुरं केलं. उशिरा पोहोचलेली बातमी, पण पोहोचली ती त्यांची स्वतःची झाली होती.

आपल्या पुण्यातलाच दुसरा प्रसंग पंडिता रमाबाईंचा. १८८९ साली मुंबईत सुरू झालेलं त्यांचं शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्यात आलं. १८९३ मध्ये काही मुली ख्रिस्ती धर्माकडे वळल्या म्हणून गदारोळ झाला. रानडे, भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. लहानपणी मला वाटायचं, यात रमाबाईंचीच बाजू खरी. आता तसं सरळ वाटत नाही. शाळा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील या भरवशावर मुली पाठवलेल्या आई-बापांचा संताप मला समजतो. आणि आपल्या खोलीत दार उघडं टाकून प्रार्थना करणाऱ्या बाईने दार का लावून घ्यावं, हेही मला समजत नाही. कदाचित हा गुंता सुटणारा नाहीच. रमाबाई केडगावला गेल्या, मुक्ती सदन उभं केलं, हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत सबंध बायबल आणलं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या तेव्हा भाषांतर हातावेगळं झालेलं होतं. ते छापलं मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्या बायकांनी. यवतहून वरवंडला जाताना चौफुला लागतो, तिथून केडगाव जवळच. बुवा दर वर्षी रमाबाईंच्या अंगणाजवळून जात होते म्हणायचे.

कायद्याची गोष्टही थोडक्यात सांगतो, कारण श्रोत्यांच्या मनात ती असणार. आपल्या संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदात धर्माचा प्रसार करण्याचा हक्क आहे. हा शब्द ठेवावा की नाही यावर डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत वाद झाला आणि शब्द राहिला. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. आमच्यातल्या काहींना हा निकाल टोचतो. मला त्यात एक गोष्ट पटते. दुसऱ्याचं मन बदलणं हे माझं काम नव्हेच, ते माझ्या श्रद्धेप्रमाणे देवाचं काम आहे. पेत्राच्या पत्रातही असंच आहे: तुमच्या आशेचं कारण कुणी विचारलं तर सांगायला तयार राहा, पण सौम्यपणे आणि आदराने. कुणी विचारलं तर! बुवांनी तर विचारलं होतं.

तेव्हा एका शनिवारी कारखाना सुटल्यावर आम्ही फाटकाबाहेरच्या टपरीवर चहा घेत होतो. मी लूकच्या शुभवर्तमानातली एक गोष्ट सांगितली. एका बाईकडे चांदीची दहा नाणी असतात. एक हरवतं. ती दिवा लावते, सगळं घर झाडून काढते, कोनाकोपरा धुंडाळते. सापडतं तेव्हा शेजारणींना हाका मारून बोलावते, या गं, माझं नाणं सापडलं, माझ्याबरोबर आनंद करा. येशू म्हणतो, एक चुकलेला माणूस परत आला की स्वर्गात असंच होतं.

गोष्ट संपली आणि मी तिथेच थांबलो नाही. हरवलेलं नाणं मीच कसा, हेही सांगितलं. तरुणपणी माझं पिणं कुठवर गेलं होतं, पगाराच्या दिवशी बायको दाराशी कशी उभी राहायची, आणि १९८१ च्या नाताळच्या आदल्या रात्री चर्चच्या पायरीवर बसून मी काय मागितलं. हे मी कुणाला, अगदी आमच्या पाळकांनाही, सांगितलेलं नव्हतं. बुवांना माझं पिणं ठाऊक होतं, सुटल्याचंही ठाऊक होतं. का सुटलं ते ठाऊक नव्हतं. एवढी मोठी बातमी मी बावीस वर्षं दाबून ठेवली होती.

बुवा बराच वेळ बशीकडे पाहत होते. मग म्हणाले, "म्हणजे देवच झाडू घेऊन फिरतो?" मी म्हटलं, "हो." "आमचाही तसलाच आहे," ते म्हणाले, आणि जनाबाईबरोबर दळायला बसणाऱ्या विठोबाची गोष्ट मला सांगू लागले.

घरी येताना माझी सायकल हलकी झाल्यासारखी वाटत होती. बुवा काही ख्रिस्ती झाले नव्हते. पुढेही झाले नाहीत, माळ शेवटपर्यंत गळ्यात होती. मनापासून सांगतो, ते यावेत असं मला वाटायचं, आणि ते मी त्यांच्यापासून लपवलं नाही. त्यांनीही मला दर वर्षी वारीला चल म्हणणं सोडलं नाही. मला जो आनंद झाला तो गोष्ट सांगताना झाला, तिच्या परिणामाची वाट पाहताना नव्हे. सांगता सांगता ती मलाच पुन्हा ऐकू आली. कोट कपाटातून बाहेर निघाला.

मार्काच्या शुभवर्तमानात थडग्यांमधून भटकणारा एक वेडा आहे. बरा झाल्यावर तो येशूबरोबर यायचं म्हणतो. येशू त्याला नेत नाही. घरी जा म्हणतो, तुझ्या माणसांकडे, आणि तुझं काय झालं ते त्यांना सांग. मला हे फार आवडतं. व्यासपीठ नाही, मांडव नाही, कर्णा नाही. ज्यांनी तुला साखळदंडात पाहिलंय त्यांनाच सांग. ते सगळ्यात अवघड. कारखान्यात मला प्यालेलं पाहिलेली माणसं होती, म्हणून तिथेच सांगायला तीस वर्षं लागली.

बुवांना मी रमाबाईंच्या भाषांतराविषयी सांगितलं होतं, आणि त्यांनी मागितलं म्हणून लूकचं शुभवर्तमान, छोटं पुस्तक, दिलं होतं. त्याचं त्यांनी काय केलं ते मी कधी विचारलं नाही. २०१९ साली बुवा गेले.

गेल्या आषाढीनंतर त्यांचा मुलगा दारात उभा. हातात तीच पिशवी. आता वारी तो करतो. चुरमुरे, साखरफुटाणे, बुक्क्याची पुडी. प्रसाद माझ्या हातावर ठेवून तो जरा घुटमळला. म्हणाला, "काका, ते नाणं हरवलेल्या बाईचं काय होतं हो? बाबा पावसात चालताना सांगायचे, पण माझं शेवटचं राहून गेलं."

मी त्याला आत बोलावलं आणि बायकोला चहा टाकायला सांगितलं.