कूलरचा वारा कुठे अडतो?



मागच्या मे महिन्यात नागपूरहून ताईचा फोन आला. "अरे, कूलर सकाळपासून सुरू आहे, पण हवाच नाही येऊन राहिली. मोटर गेली वाटते." मी विचारलं, "खिडक्या उघड्या आहेत का?" ती म्हणाली, "बंद केल्या ना. गारवा बाहेर जाईल." मी तिला कूलरच्या समोरच्या भिंतीतली खिडकी वीतभर उघडायला सांगितलं. फोनवर असतानाच तिचा आवाज बदलला. खिडकीचा पडदा गजांकडे ओढला जात होता आणि पलंगावर वारा लागत होता.

एसी खोलीतलीच हवा फिरवून फिरवून गार करतो, म्हणून त्याला दारं-खिडक्या बंद लागतात. कूलरचं तसं नाही. तो बाहेरची कोरडी, तापलेली हवा ओल्या ताट्यांतून ओढतो. ताटीतलं पाणी उडतं आणि त्यासाठी लागणारी उष्णता हवेतूनच घेतं. एक लिटर पाणी उडायला सुमारे ५८० किलोकॅलरी लागतात. बाहेर ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर चांगला कूलर साधारण २८ अंशांची हवा आत सोडतो. पण ही हवा ओलसर असते. ती खोलीतून निघून गेली पाहिजे आणि तिच्या जागी नवी आली पाहिजे.

किती? दहा फूट बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली घ्या. तिच्यात १,२०० घनफूट हवा मावते. ती दर दोन मिनिटांनी बदलावी असा ठोकताळा आहे, म्हणजे मिनिटाला ६०० घनफूट. तेवढी हवा बाहेर गेली नाही, तर तेवढी आत येणारच नाही. पंखा फिरत राहतो, वारा मात्र जाळीपाशीच रेंगाळतो आणि अंग चिकचिकतं. उघडी ठेवायची खिडकी कूलरपासून लांबची हवी. शेजारचीच उघडलीत, तर वारा खोलीत न फिरता तिथूनच निघून जाईल.

खिडकी उघडूनही वारा मंदच असेल, तर कूलरच्या मागच्या बाजूला या आणि वर्तमानपत्राचा एक कागद ताटीला लावा. कागद चिकटून राहिला, तर पंखा हवा ओढतो आहे. घसरून पडला, तर ओढ कमी आहे. उलट बाहेर ढकलला गेला, तर पंखा उलटा फिरतोय. मोटर भरून आणल्यावर तारांची जोडणी चुकली की असं होतं.

ओढ कमी असली की मला सर्वांत जास्त वेळा दोष सापडतो तो ताट्यांमध्ये. बोअरच्या जड पाण्यातले क्षार ताटीत भरलेल्या वुडवूलवर, म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंवर, बसत जातात. पाणी उडून जातं, क्षार राहतात, आणि एका उन्हाळ्यात ताटी दगडासारखी कडक होते. तिच्यातून वारा कसा यावा? अशी ताटी झाडून भागत नाही, वुडवूल बदलावंच लागतं. बदलताना काही जण जास्त गारव्यासाठी ते ठासून भरतात, त्यानेही वारा अडतो. सैल भरलं, तर ते ओलं होऊन खाली बसतं आणि वरच्या फटीतून गरम झळ थेट आत येते. थरावर हात ठेवला तर बोटांना जाळीच्या रेषा पुसट जाणवाव्यात, इतपत पातळ आणि सारखा थर पुरे. वुडवूलऐवजी हनीकोंब पॅड असेल, तर त्याची भोकं उजेडासमोर धरून पाहा. कूलरची पाठ भिंतीला टेकली असेल किंवा मागे पोती रचली असतील, तर ताटी नवी असूनही हवा मिळणार नाही.

आता पंखा. पाती धुळीने जड झाली असतील, तर पुसा. पातं दांड्यावर घसरत असेल, तर त्याचा स्क्रू सैल आहे. मोटर गुणगुणते पण वेग घेत नाही, अशा वेळी बहुधा कपॅसिटर अशक्त झालेला असतो. तो स्वस्त असतो, मोटर बदलण्याआधी तो तपासून घ्या. दुपारी गावभर कूलर सुरू झाले की व्होल्टेज उतरतं, तेव्हाही पंखा मंदावतो. रात्री वेग आपोआप वाढत असेल, तर कूलरला दोष देऊ नका.

आणि हे मी हात जोडून सांगतो. कागदाची चाचणी कूलर सुरू ठेवूनच होते, ती पत्र्याला हात न लावता करा; बाकी यातलं काहीही करण्याआधी बटण बंद करून पिन सॉकेटमधून काढा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. पत्र्याचं अंग, टाकीतलं पाणी, ओली फरशी आणि अनवाणी पाय. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून कुणीतरी गेल्याची बातमी येते आणि ते माणूस बहुतेकदा पाणी भरत असतं, नाहीतर टाकी पुसत असतं. पाणीही पिन काढूनच भरा. तीन पिनांचा प्लग आणि खरोखर जोडलेलं अर्थिंग, एवढं मे महिन्याआधी वायरमनकडून तपासून घ्या. लहान मुलांना पत्र्याला हात लावू देऊ नका.

मृगाचा पाऊस सुरू झाला की बाहेरचीच हवा ओली होते, ताटीतलं पाणी उडत नाही आणि वारा जोरात असूनही गारवा येत नाही. त्या दिवसांत पंप बंद ठेवा, टाकी रिकामी करून कोरडी पुसा, म्हणजे डेंग्यूच्या डासांना तिथे घर मिळणार नाही, आणि नुसता पंखा चालवा. खिडकी मात्र तेव्हाही उघडीच ठेवा.