ठासणीच्या बंदुकीवरील नक्षी आणि आपले कारागीर

(शिनोली येथे भरलेल्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस समाजाच्या परंपरेवर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. तसे पाहता हा विषय बोलावयास फार सोपा. भगवान विश्वकर्म्यापासून आरंभ करावा, मनु, मय, त्वष्टा, शिल्पी आणि विश्वज्ञ यांची नावे घ्यावीत, लंका आणि द्वारका आपणच उभारल्याचे सांगावे आणि टाळ्यांच्या गजरात खाली बसावे. परंतु आमचा जन्म शाळेच्या फळ्यासमोर गेला आहे. मुलाने उत्तर दिले की 'कशावरून?' असे विचारण्याची खोड अद्याप सुटत नाही. म्हणून आज आम्ही हातात धरून पाहता येईल अशी एकच वस्तू बोलण्यासाठी घेतली आहे, आणि ती म्हणजे ठासणीची बंदूक व तिच्यावरील धातूचे नक्षीकाम.

येथील तरुण मंडळींपैकी पुष्कळांनी अशी बंदूक पाहिलीही नसेल. हिच्यात काडतूस नसते. नळीच्या तोंडातून दारू ओतावयाची, वर चिंधीचा बोळा घालून गजाने ठासावयाचा, मग गोळी किंवा छर्रे सोडून पुन्हा ठासावयाचे. नळीच्या मुळाशी बारीक भोक असते. त्याला 'कान' म्हणतात. कानाजवळच्या वाटीत थोडी रंजक घालीत व जळत्या जामगीने, म्हणजेच तोड्याने, ती पेटवीत. यावरूनच तोड्याची बंदूक हे नाव पडले. रंजक भुर्रकन जळावी आणि आतील दारूने पेटच घेऊ नये, हा तर शिकाऱ्याचा नित्याचा अनुभव. पुढे चकमकीची आणि त्यानंतर टोपीची बंदूक आली. तरी आपल्याकडे तोड्याची बंदूक एकोणिसाव्या शतकातही पुष्कळ काळ टिकली. कारण साधे होते. ती बिघडली तर गावचा लोहार दुरुस्त करू शके.

ही विद्या आपल्या मुलखात किती मुरली होती याची साक्ष परक्यांनीच दिली आहे. १५१० मध्ये पोर्तुगीज सेनापती आल्बुकर्क याने गोवे जिंकले. तेथील बंदूक घडविणारे कारागीर बोहेमियातील कारागिरांच्या तोडीचे आहेत, असे त्याने आपल्या राजास कळविले होते. बोहेमियाचे बंदूककाम त्या काळी युरोपात वाखाणले जात असे, म्हणून या शब्दांस किंमत. पेशवाईत माधवरावांच्या कारकिर्दीत तोफेचे गोळे पाडण्याचा कारखाना आपल्या शेजारच्या जुन्नर प्रांतात, आंबेगव्हाण येथे होता, आणि पुढे तसाच पुण्यासही झाला. महादजी शिंद्यांच्या पदरी असलेल्या सँगस्टर नावाच्या स्कॉटिश गृहस्थाच्या देखरेखीखाली आग्र्यास सुमारे दहा रुपयांत एक बंदूक तयार होई, असेही नमूद आहे. त्या दहा रुपयांतले घाव घालणाऱ्या हातांच्या वाट्यास किती आले, हे मात्र कोणी नमूद केले नाही.

आता बंदूक कशी घडते ते पाहू. एका बंदुकीस किती हात लागतात याचा विचार केला म्हणजे आपल्या पाचही शाखांचे कुटुंबच डोळ्यांसमोर उभे राहते. लोहाराने लोखंडाची पट्टी सळईभोवती वेटोळ्यासारखी गुंडाळावी, तापवून ठोकावी, सांधावी आणि आतून घासून नळी करावी. सुताराने दस्ता घडवावा. तांबटाने पितळेचे पट्टे व खोबणी कराव्यात. सोनाराने नक्षी करावी. मग पाथरवटाने काय करावे, असे कोणी विचारील. चकमकीची गार आणि सोन्याला घोटण्याचा अकीक हे दगडच की! आणि भात्यावर कोण बसे? घरची बाई. तिचे नाव तर कोणत्याच परंपरेत येत नाही.

नक्षीचे दोन मुख्य प्रकार सांगतो. पहिला निव्वळ कोरीव काम. पितळेच्या वा लोखंडाच्या पत्र्यावर खडूचा पातळ हात द्यावयाचा, सुईने वेल रेखावयाचा आणि पोलादी कलमाने त्या रेषेवरून धातूची बारीक शीर काढीत जावयाचे. मऊ धातूवर कलम तळहाताने रेटतात, लोखंडावर हलक्या हातोडीने छिन्नी चालवितात. कलम फार उभे धरले तर ते रुतते. फार आडवे धरले तर घसरते, आणि घसरले की चार दिवसांच्या कामावर ओरखडा. आमच्या नात्यातील एक वृद्ध सोनार अडकित्त्यांवर असे काम करीत. लहानपणी आम्ही त्यांच्याजवळ बसत असू. पत्रा राळेच्या गादीवर घट्ट बसवून ते ती गादीच डाव्या हाताने हळूहळू फिरवीत. उजवा हात जागचा हलत नसे. "पोरा, हात फिरवला की रेघ मोडते, काम फिरवावं," असे ते म्हणत. दिवसाचा पहिला तास त्यांचा केवळ कलमास धार लावण्यात जाई. आम्हांस तेव्हा तो वेळ फुकट जातो असे वाटे.

दुसरा प्रकार कोफ्तगिरीचा. हा शब्द फारसी असला तरी काम पहावे आपल्या डोळ्यांनी. लोखंडाचा पृष्ठभाग स्वच्छ करून त्यावर तीक्ष्ण छिन्नीने उभ्या, आडव्या व तिरप्या अशा इतक्या दाट रेघा मारावयाच्या की बोट फिरविले तर कानशीसारखे खरखरीत लागावे. मग केसासारखी बारीक सोन्याची किंवा रुप्याची तार नक्षीप्रमाणे वळवून त्यावर ठेवावयाची आणि हलके ठोकावयाची. त्या खरखरीत दातांत तार धरली जाते. पुढे तापवून, पुन्हा ठोकून, शेवटी अकीकाने घोटले की लोखंडाच्या काळसर निळ्या रंगावर सोन्याचा वेल उमटतो. येथे खोल खाचा नसतात, त्यामुळे सोने थोडे लागते. नळीसही धोका नसतो. कारण दारू पेटते त्या जागी खोल घाव घालणे म्हणजे नळी फुटण्यास आमंत्रण. शोभा कोठे थांबवावयाची हे ज्याला कळे तोच खरा नक्षीकार. याउलट बिदरी कामात खोबण पाडून तार आत बसवितात. तेथे जस्त व तांब्याचा मिश्र धातू असतो, आणि बिदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांनी तो काळा करतात.

नळीच्या तोंडाशी वाघाचे किंवा मकराचे मुख, मुळाशी फुलांची पाकळी, दोन्ही बाजूंच्या लोखंडी पट्ट्यांवर वेल, अशी रचना जुन्या बंदुकांवर आढळते. नेम धरण्याच्या माशीलाही कोणी साधी ठेवीत नसे. जीव घेणाऱ्या हत्यारावर फुले कोरणे हे काहींस विसंगत वाटेल. आम्हांसही वाटते, आणि त्याचे समर्थन आम्ही करू इच्छीत नाही. कारागिराने गिऱ्हाईक पाहिले, पोट पाहिले आणि हातात आलेले लोखंड जितके सुंदर करता येईल तितके केले.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. हा सर्व मान केवळ आपलाच, असे म्हणणे खोटे ठरेल. शिकलगारांनी पाती उजळली, त्यांपैकी काही कुटुंबे आजही राजस्थानात उदयपुरास कोफ्तगिरी करीत आहेत. जिनगरांनी खोगिरापासून कुलपापर्यंत नाना कामे केली. आपल्या स्मरणिकेत दरवर्षी 'आपण एकटेच' या सुराचे लेख येतात, ते आम्हांस रुचत नाहीत. हत्यारावर मालकाचे नाव सापडते. उत्तरेकडे क्वचित फारसी अक्षरांत कारागिराचेही सापडते. आपल्या गावोगावच्या कामावर कर्त्याचे नाव सहसा सापडत नाही. मग भांडावयाचे कोणत्या नावासाठी?

हे काम बुडाले कसे? १८५७ नंतर इंग्रज सरकारने प्रजेची हत्यारे काढून घेण्याचे सत्र सुरू केले. आपल्याच या डोंगरात जांभोरीच्या होन्या केंगल्याचे बंड १८७६ पर्यंत चालले. १८७८ मध्ये हत्यारांचा कायदा आला, आणि परवान्यावाचून हत्यार घडविणे, विकणे व बाळगणे गुन्हा झाला. इकडे कारखान्यांतून काडतुसाच्या बंदुका येऊ लागल्या. पंजाबात सियालकोट व गुजरात या गावांच्या कोफ्तगारांनी ढाली-तलवारी सोडून साहेबलोकांसाठी तबके व पेट्या केल्या आणि प्रदर्शनांत पदके मिळविली. आपल्या लोकांनी फाळ, विळे, कुलपे, अडकित्ते व समया यांचा आश्रय घेतला. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचे जे असंख्य नमुने आहेत ते पाहावेत. बंदुकीवरून उतरलेला हातच तेथे सुपारीवर बसला आहे, असे आम्हांस ते पाहताना वाटले.

अमेरिकेत मात्र गंमत झाली. तेथे जर्मन वसाहतकऱ्यांनी घडविलेली आटे पाडलेल्या नळीची लांब बंदूक व तिच्या दस्त्यावरील कोरीव पितळी डबी लोक विसरले नाहीत. व्हर्जिनिया प्रांतात विल्यम्सबर्ग येथे जुन्या पद्धतीचे बंदूककाराचे दुकान मांडून, नळीपासून नक्षीपर्यंत सारे काम हातानेच करण्याची विद्या विसाव्या शतकात पुन्हा उभी केली. विद्या मेल्यावर ती ग्रंथांतून व जुन्या वस्तूंतून परत काढणे किती कष्टाचे असते, हे त्यांस विचारावे. आपल्याकडे ती अजून पुरती मेलेली नाही. म्हणूनच तर हा खटाटोप.

आता घरगुती गोष्टी. डोंगराकडील काही घरांत रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी ठासणीची बंदूक परवान्याने असते, आणि १९५९ च्या हत्यार कायद्यात पीकरक्षणासाठी अशा बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. परंतु आजोबांची म्हणून माळ्यावर पडलेली बंदूक 'जुनी आहे, तिला कोण विचारतो' असे समजू नये. दुरुस्त करूनही जी चालणार नाही, अशाच जुनाट हत्यारास कायद्याने सूट आहे. शंका असल्यास पोलीस ठाण्यात जाऊन विचारावे, लपवून ठेवू नये. जुन्या बंदुकीत बार भरलेला राहिलेला असू शकतो, म्हणून तिच्या तोंडासमोर उभे राहू नये आणि मुलांच्या हाती देऊ नये. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू परदेशी नेण्यास १९७२ च्या कायद्याने मज्जाव आहे, हेही दलालांशी बोलताना ध्यानात असावे.

आणि दसऱ्यापूर्वी खंडेनवमीस शस्त्रे व अवजारे पूजेला काढताना चिंच, राख किंवा बाजारातील पूड लावून ती घासू नका. कोफ्तगिरीचे सोने केसाइतके पातळ असते. एका पूजेच्या घासण्यात दोनशे वर्षांचा वेल निघून जातो. कोरड्या मऊ कापडाने पुसावे आणि लोखंडास तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. आमच्या पाहण्यातील एका घरी असाच एक सुंदर दस्तापट्टा सुनेने हौसेने लखलखीत केला. तिचा काय दोष? तिला कोणी सांगितलेच नव्हते.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्या अठरा व्यवसायांत लोहार, सोनार, सुतार आहेतच, परंतु शस्त्रे घडविणाराही आहे. अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांचे साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने प्रथम एक लाख व नंतर दोन लाख रुपयांपर्यंत कर्ज अशी तिची तरतूद आहे. कोणी बंदुका घडवाव्यात असे आम्ही सुचवीत नाही. परवान्यावाचून तो गुन्हाच आहे. कलम धरता येणाऱ्या मुलाने समईवर, अडकित्त्यावर, देव्हाऱ्याच्या पत्र्यावर काम करावे, पण ते यंत्राने ठसा मारून नव्हे.

आमची मंडळास एकच विनंती आहे. समाजाच्या निधीतून यंदा स्वागतकमानीवर खर्च थोडा कमी करावा आणि त्या पैशांत एक जाड वही व छायाचित्रांची सोय करावी. घोडेगाव, जुन्नर, मंचर, ओतूर येथील ज्या वृद्धांच्या घरी जुनी अवजारे आहेत, त्यांच्याकडे दोघा-दोघा तरुणांनी जावे. अवजाराचे नाव काय, ते कशासाठी, धरावयाचे कसे, त्यांना कोणी शिकविले, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. भात्यावर बसणाऱ्या आजीलाही विचारावे. वहीचा आरंभ आम्ही करून आणला आहे. पहिल्या पानावर पोगर, राळ, कलम, छिन्नी, अकीक, सांडशी असे सहा शब्द आमच्या आठवणीप्रमाणे लिहिले आहेत. सभा संपल्यावर ती चिटणीसांच्या टेबलावर राहील. ज्यांना सातवा शब्द ठाऊक असेल त्यांनी जेवणास बसण्यापूर्वी लिहून जावा.