कर्णधाराची सावध पावले

एखाद्या मोठ्या संकेतस्थळामागे एकच संगणक नसतो. शेकडो, कधी हजारो संगणक एकाच वेळी राबत असतात. कोणते काम कोणत्या यंत्राकडे सोपवावयाचे, एखादे यंत्र बंद पडल्यास त्याचे काम कोणी उचलावयाचे, ही वाटणी माणसाने बसून करणे अशक्यच होय. ती करणाऱ्या एका प्रणालीस 'कुबरनेटीस' असे नाव आहे. या ग्रीक शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा. आपल्या 'कर्णधार' शब्दाचाही मूळ अर्थ तोच. गूगलमधील अभियंत्यांनी २०१४ साली ही प्रणाली सर्वांस खुली केली, आणि जुलै २०१५ मध्ये तिची पहिली पक्की आवृत्ती निघाली.

तिची रीत साधी आहे. 'अमुक सेवेच्या पाच प्रती सदैव चालू असाव्यात' एवढे लिहून द्यावे. चारच उरल्या, तर पाचवी ती आपण होऊन उभी करते.

परंतु ज्याच्या हाती इतक्यांचे तारू आहे, त्या कर्णधाराने स्वतः बदलावे कसे? न बदलावे, तर सुरक्षेतील छिद्रे तशीच राहतात. एकाएकी बदलावे, तर त्यावर विसंबलेले सारे कोलमडते. म्हणून येथे बदल पायरीपायरीने होतो. पूर्वी वर्षाला चार आवृत्त्या निघत. २०२१ पासून तीन निघतात. नवी सोय प्रथम 'अल्फा' म्हणजे प्रयोगावस्थेत, मग 'बीटा' म्हणजे कसोटीच्या अवस्थेत, आणि शेवटी स्थिर अवस्थेत येते. जुनी सोय काढावयाची, तर आधी तशी सूचना द्यावी लागते आणि ठरलेली मुदत पाळावी लागते.

संथपणा हाच गुण, असे मात्र नव्हे. बाहेरून आलेली मागणी आतील योग्य सेवेकडे वळविणारी 'इन्ग्रेस' नावाची सोय २०१५ पासून २०२० पर्यंत कसोटीतच राहिली. लोकांनी तिला पक्की मानून तिच्यावर आपले संसार थाटले. पुढे १.२२ या आवृत्तीत तिचे जुने रूप काढले गेले, तेव्हा ज्यांनी वेळीच बदल केला नव्हता, त्यांना आपल्या मांडण्या नव्याने लिहाव्या लागल्या. २०२० सालीच, कोणतीही सोय कसोटीत अनंतकाळ रेंगाळू नये, असा नियम करण्यात आला.

सूचना देऊनही घात होतो, याचे उदाहरण बोलके आहे. १४ मार्च २०२३ रोजी रेडिट हे प्रसिद्ध संकेतस्थळ ३१४ मिनिटे बंद पडले. त्या दिवशी तेथील एका यंत्रसमूहावर १.२३ ऐवजी १.२४ ही आवृत्ती चढविली होती. या आवृत्तीत नियंत्रक यंत्रांवरील 'मास्टर' ही जुनी चिठ्ठी नाहीशी होऊन तिच्या जागी 'कंट्रोल प्लेन' ही नवी चिठ्ठी उरली होती. बदल एका शब्दाचा, आणि त्याची सूचना १.२० पासूनची! परंतु यंत्रायंत्रांतील मार्ग जोडणारी एक जुनी मांडणी नियंत्रक यंत्रे त्या चिठ्ठीवरूनच ओळखत असे. चिठ्ठी गेली आणि मार्ग तुटले. मागील आवृत्तीकडे सरळ परतण्याची सोय नव्हती. अखेर राखून ठेवलेल्या प्रतीवरून सारे पूर्ववत करावे लागले. ही हकीकत त्या कंपनीनेच मोकळेपणाने प्रसिद्ध केली, हे विशेष.

दोष एकट्या कर्णधाराचा म्हणता येणार नाही. सूचना देणे हे त्याचे काम. आपले कोणते दोर त्याच्या कोणत्या खुंटीला बांधले आहेत, याची नोंद ठेवणे हे तारवातील माणसांचे काम. ज्याने गाठ मारली तो नोकरी सोडून जातो, गाठ मागे राहते. खुंटी कितीही हलक्या हाताने काढली, तरी ज्या दोराची नोंद नाही तो तुटणारच. म्हणून नवी आवृत्ती घेण्यापूर्वी तिची सूचना वाचावी, आणि त्याबरोबर आपली जुनी वहीही उघडून पाहावी.