कोल्हा, कापशी घार आणि शेतातले उंदीर



उंदीर वाढले की आपण औषधाची पुडी आणतो. पण उंदीर धरणारे दोन गडी आपल्या शिवारात आधीपासूनच आहेत. एक कोल्हा, दुसरी कापशी घार. कोणाचा किती उपयोग, ते आज पाहू.

कापशी तुम्ही पाहिलेली असणार. कावळ्यापेक्षा लहान, पांढरी-राखी, खांद्यावर काळा डाग, डोळे लालभडक. वजन जेमतेम पाव किलो. तारेवर बसते, नाहीतर हवेत एका जागी पंख फडफडवत थांबते, आणि उंदीर दिसला की पाय सोडून खाली उतरते. सकाळी आणि दिवस मावळताना तिचं काम जोरात. उंदीर भरपूर असले की ती वर्षातून एकापेक्षा जास्त वेळाही अंडी घालते. पिकाला तिचा काडीचा त्रास नाही. काढणीनंतर रानात चार उंच काठ्या रोवून वर आडवी काठी बांधली, की तिला बसायला जागा झाली. मात्र उसात शिरलेला उंदीर तिला दिसत नाही, आणि बीळ उकरणं तिला जमत नाही.

तिथं कोल्हा हवा. तो रात्री उसात शिरतो, बांध हुंगतो, बीळ उकरतो. पण हा गडी मजुरी घेतो! ऊस चघळतो, कलिंगड फोडतो, करडू-कोंबडी उघड्यावर सापडली तर सोडत नाही. तरी माझ्या मते व्यवहार तोट्याचा नाही. करडं-कोंबड्या रात्री बंदिस्त ठेवा. कोल्ह्याला मारू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. चावलाच, तर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच दवाखान्यात जाऊन लस घ्या.

आता औषधाचं. ब्रोमाडिओलोन खाल्लेला उंदीर त्याच दिवशी मरत नाही. काही दिवस सुस्तावून उघड्यावर फिरतो, आणि नेमका तोच कापशीच्या नाहीतर कोल्ह्याच्या तोंडी लागतो. विष त्यांच्याही पोटात जातं. गडी गेले, आणि उरलेल्या उंदरांची मादी तर तीन आठवड्यांत विते! म्हणून आमिष ठेवायचंच झालं तर बिळात खोल सारा, तोंड बुजवा. पुढचा आठवडाभर रोज सकाळी फेरी मारा, मेलेले उंदीर हाताला पिशवी बांधून उचला आणि हातभर खोल खड्ड्यात पुरा.