जुन्या इंजिनाची स्वच्छता



वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मयाच्या आणि इतिहासाच्या पंक्तीला जुन्या मोटारसायकलीच्या इंजिनाचा पाट मांडलेला पाहून कोणाच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, तर त्यांना आम्ही दोष देणार नाही. परंतु आपल्या बीड शहराला रेल्वे मिळाली ती २०२५ साली. तोवर बाजारगावी, दवाखान्यात, कचेरीत माणसे पोचली ती मुख्यतः एस.टी.ने आणि दुचाकीने. ज्या यंत्रांनी एवढी सेवा केली, त्यांपैकी एखादे कोणी गोठ्यातून काढून पुन्हा चालते करू म्हणत असेल, तर त्याच्या कामाचा विचार येथे व्हावयास हरकत नसावी.

उदाहरणादाखल जावा घेऊ. ही मूळची झेकोस्लोव्हाकियातील गाडी म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ पासून तयार होऊ लागली. १९७३ पासून ती येझदी या नावाने निघाली आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला. तेव्हा तेथील इंजिन हाती आले, तर त्याचे वय ध्यानात घेऊनच हात घातला पाहिजे.

इंजिनाच्या बाहेरच्या कवचाला पुस्तकात क्रँककेस म्हणतात, गॅरेजात चेंबर म्हणतात. त्यावर तेल आणि धूळ यांचे पूट चढलेले असते. ते दिसताच धुवावयास बसणे ही घाई होय. मळ हा साक्षीदार आहे. तेलाचा ओला माग जेथून निघतो, तेथे पॅकिंग फाटले आहे, सील गेले आहे, की चेंबरला तडा आहे, हे आधी पाहून घ्यावे. एकदा धुतले की साक्ष पुसली गेली.

मग धातू ओळखावा. आमच्या मायबहिणी पितळेला चिंच लावतात, पण जर्मनच्या पातेल्याला धुण्याचा सोडा लावीत नाहीत. ते काळे पडते हे त्यांना ठाऊक असते. चेंबरही त्याच जातीचा, ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. लोखंडाचा मळ काढण्यास वापरतात तो कॉस्टिक सोडा त्यावर ओतला, तर मळाबरोबर धातूही खाल्ला जातो आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो. त्यापेक्षा रॉकेल किंवा डिझेल, जुना ब्रश आणि बांबूची कामटी बरी. दोन पराती घ्याव्यात. पहिलीत मळ काढावा, दुसरीत खळबळून घ्यावे. काम उघड्यावर करावे, आणि पेट्रोल मात्र वापरू नये. त्याची वाफ ठिणगीची वाटच पाहत असते.

खरी कसोटी दोन अर्धे जेथे जुळतात त्या कडेची. जावाचे इंजिन टू-स्ट्रोक. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण आधी चेंबरातच दाबले जाते. जुने पॅकिंग पोलादी पात्याने खरवडताना त्या कडेवर ओरखडा पडला, तर तेथून जादा हवा आत शिरते. मिश्रण पातळ होते, पिस्टन तापतो आणि प्रसंगी सिलिंडरात अडकतो. मांजरसुंब्याच्या घाटात असे झाले आणि क्लच वेळेवर दाबला गेला नाही, तर मागचे चाक जागीच थांबते. पुढे काय होईल ते सांगावयास नको. ओरखडा नखाएवढा, पण किंमत जिवाची.

चकाकीच्या हौसेने कोणी चेंबरवर वाळूचा मारा करवितात. वाळूचा कण तेलाच्या भोकात दडून राहतो आणि नंतर नव्या बेअरिंगचा चुरा करतो. बेअरिंग काढतानाही हातोडा चालवू नये. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या सुमारे दुप्पट फुगते. म्हणून चेंबर भट्टीत शंभर अंशांच्या आसपास सारखा तापविला की बेअरिंग सहज सुटते. आणखी एक सांगणे : इंजिनाचा क्रमांक चेंबरवरच कोरलेला असतो. घासण्याच्या भरात तो पुसला, तर गाडी आणि तिचे कागद यांचे नाते तुटते.

तेव्हा स्वच्छता म्हणजे नुसते घासणे नव्हे. काय काढावयाचे आणि काय राखावयाचे याचा विवेक म्हणजे स्वच्छता. झाकणावर थोडा काळपटपणा राहिला तरी इंजिन चालेल, पण जुळणीची कड बिघडली तर चालणार नाही. आपल्या मुलांच्या हाती पाना देताना एवढे अवश्य सांगावे, ही विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.